नाव तरी नीट घ्या

शनिवारी दुपारी अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेज फुटबॉलच्या चाहत्याशेजारी सोफ्यावर बसा. पहिल्या पंधरा मिनिटांत एक तक्रार हमखास ऐकू येईल. ती रेफरीबद्दल नसते, कोचबद्दलही नसते. ती टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाबद्दल असते. "अरे, तो पोरगा गेल्या वर्षीच दुसऱ्या कॉलेजात गेला!" "हा फ्रेशमन नाही, चौथं वर्ष आहे त्याचं!" "निदान नाव तरी नीट घ्या!"

तक्रार क्षुल्लक वाटते. सामना डोळ्यांसमोर दिसतोय, निकाल समालोचकाच्या हातात नाही आणि आवाज नको असेल तर रिमोटवर म्यूटचं बटण आहे. मग एवढा संताप कशाला? नाव चुकलं तर कुणाचं काय बिघडतं?

मला वाटतं, बिघडतं. पण चाहते जे कारण सांगतात ते बहुतेक वेळा खरं कारण नसतं. म्हणून प्रश्न जरा वेगळा मांडू. तयारी न करता माइकसमोर बसणं ही फक्त कामातली ढिलाई आहे, की ती नैतिक चूकही आहे? ढिलाई असेल तर आपण वैतागून विसरून जायला हवं. नैतिक चूक असेल, तर ती नेमकी कुणाविरुद्ध झाली हे शोधायला हवं.

दोनशे नावांचा पुठ्ठा

आधी हा खेळ किती मोठा आहे ते पाहू. फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेस्सी येतो. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा: लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि दर काही सेकंदांनी थांबणारा खेळ. त्यातही कॉलेज फुटबॉल म्हणजे विद्यापीठांच्या संघांचे सामने. 'कॉलेज' शब्दावरून गॅदरिंगमधल्या स्पर्धा आठवू नका. वानखेडेवर साधारण ३३ हजार माणसं बसतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून जास्त बसतात. नेब्रास्का राज्यात एकही मोठा व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. तिथले लोक अभिमानाने सांगतात की सामन्याच्या दिवशी लिंकनमधलं स्टेडियम हे राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर असतं. पर्ड्यू किंवा टेक्सास ए अँड एममध्ये एमएस करायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला नियम कळत नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यातली काही विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घालून घसा बसेपर्यंत ओरडत असतात.

सर्वोच्च गटात १३०हून जास्त विद्यापीठांचे संघ आहेत. एकेका संघात शंभराच्या आसपास खेळाडू असतात. आक्रमणाचे वेगळे, बचावाचे वेगळे, लाथ मारायला आणखी वेगळे. म्हणजे एका सामन्यासाठी समालोचकापुढे दोनशेच्या आसपास नावं असतात. भरीस भर म्हणजे कॉलेजच्या नियमांप्रमाणे एकाच संघातल्या दोन खेळाडूंच्या पाठीवर एकच नंबर असू शकतो, फक्त ते दोघं एकाच वेळी मैदानात नकोत. त्यात २०१८मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' आलं. २०२१पासून संघ बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसावं लागेनासं झालं आणि संघ दर वर्षी निम्मेशिम्मे नवे दिसू लागले. गेल्या वर्षीच्या अभ्यासावर यंदा भागत नाही.

म्हणूनच चांगले समालोचक आठवडाभर एक काम करतात. मोठ्या पुठ्ठ्यावर किंवा कागदावर चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोनात एक खेळाडू: नंबर, नाव, वर्ष, गाव, आधीचं कॉलेज, या हंगामात काय केलं आणि जमलंच तर एखादी गोष्ट. याला 'स्पॉटिंग बोर्ड' म्हणतात. सामन्याच्या वेळी शेजारी दुर्बीण घेऊन एक 'स्पॉटर' बसतो. चेंडू कुणी पकडला, कुणी पाडलं, हे तो बोर्डवर बोट ठेवून दाखवतो. सामन्याआधी समालोचक दोन्ही कोचांशी बोलतात, सराव पाहतात. विद्यापीठांचे प्रसिद्धी विभाग खेळाडूंच्या नावांचे उच्चार लिहून देतात.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हे काम खरोखर अवघड आहे, आणि ते नीट करण्याची साधनं हाताशी असतात. तीन-साडेतीन तासांत दोनशे माणसांबद्दल बोलताना चार-दोन चुका होणारच. चाहत्यालाही ते कळतं. चुकलेला माणूस आणि न वाचता आलेला माणूस यांतला फरक कानाला दहा मिनिटांत समजतो. चुकलेला माणूस पुढच्याच वाक्यात दुरुस्ती करतो. न वाचता आलेल्याला आपण चुकलो हेच कळत नाही.

इतके सामने आले कुठून

एकेकाळी हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए टीव्हीवर कुठले सामने दिसणार हे ठरवायची. एखादा संघ दोन हंगामांत किती वेळा टीव्हीवर दिसेल यावरही मर्यादा होती. १९८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या बाजूने निकाल देऊन ही मक्तेदारी मोडली. त्यानंतर बांध फुटला. आज शनिवारी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत डझनावारी सामने दिसतात. 'बिग टेन' या एका गटाचा २०२३पासूनचा प्रक्षेपणाचा करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून जास्त रकमेचा असल्याच्या बातम्या होत्या.

सामने वाढले की बोलणारी माणसं जास्त लागतात. मोठ्या सामन्याला मोठा समालोचक, भरपूर माणसं आणि आठवडाभराची तयारी मिळते. सकाळच्या कमी महत्त्वाच्या सामन्याला जे उरलं ते. कोविडच्या काळात समालोचक स्टुडिओतून किंवा घरातून पडद्याकडे पाहत बोलू लागले. साथ ओसरली, पण खर्च वाचतो म्हणून ही पद्धत काही सामन्यांपुरती टिकून राहिली. घरात बसलेल्या समालोचकाला तेवढंच दिसतं जेवढं तुम्हाला दिसतं. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कोण लंगडत निघालंय, कुणाला बदली म्हणून उभं केलंय, हे त्याला दिसत नाही. मैदानावर असण्याचा एकुलता एक फायदाही हातचा गेला.

तेव्हा दोष निव्वळ माइकवरच्या माणसाचा नाही. ज्या वाहिनीने हक्कांवर अब्जावधी मोजले आणि माणसांवर हात आखडता घेतला, तिचाही आहे. पण यामुळे समालोचक सुटतो का? त्याकडे येऊच. आधी चाहत्यांची बाजू तपासून घेऊ, कारण तीही धुतल्या तांदळासारखी नाही.

तक्रारींची चाळणी

कॉलेज फुटबॉलच्या चाहत्याला एक जुना आजार आहे. त्याला खात्री असते की टीव्हीवरचा समालोचक आपल्या संघाचा द्वेष करतो. गंमत म्हणजे त्याच सामन्यात समोरच्या संघाच्या चाहत्यालाही हीच खात्री असते. दोघंही एकाच माणसाचं एकच वाक्य ऐकत असतात. अशा वेळी समालोचक बिचारा बहुधा मध्यावर उभा असतो.

म्हणून तक्रारी चाळून घेऊ. पहिली तक्रार: "तो आमच्या बाजूने बोलत नाही." ही तक्रार सोडून द्यावी. राष्ट्रीय वाहिनीवरच्या माणसाने तुमच्या बाजूने बोलावं असा करार कुणी केलेला नाही. दुसरी: "त्याची शैली आवडत नाही, फार ओरडतो, फार विनोद करतो." ही आवडीनिवडीची बाब. तिसरी: "ज्याच्याबद्दल बोलतोय त्याची त्याला माहिती नाही, आणि माहिती असल्यासारखा बोलतोय." वाद आहे तो या तिसऱ्या तक्रारीचा.

तिची पारख करायला जॉर्जिया विद्यापीठाच्या लॅरी मन्सन यांचं उदाहरण उपयोगी पडेल. १९६६ ते २००८ अशी चाळीसहून जास्त वर्षं ते जॉर्जियाचे रेडिओ समालोचक होते. त्यांच्यात तटस्थपणा औषधालाही नव्हता. जॉर्जियाच्या संघाला ते सरळ 'आपण' म्हणायचे. नोव्हेंबर १९८०मध्ये फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यात जॉर्जिया एका गुणाने मागे होती, घड्याळात मिनिटभर उरलं होतं आणि लिंडसे स्कॉटने ९३ यार्डांचा टचडाउन केला. तेव्हा मन्सन इतके उसळले की खुर्ची मोडली, आणि ती मोडल्याचंही त्यांनी माइकवरच सांगून टाकलं. जॉर्जियाचे कित्येक चाहते टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावत, चित्र टीव्हीचं आणि शब्द मन्सनचे.

कुणी म्हणेल, बघा, लोकांना पक्षपातच हवा होता. पण मन्सन मूळचे जॉर्जियाचे नव्हतेच. त्यांचा जन्म उत्तरेत, मिनिआपोलिसचा. ते 'आपले' झाले ते वर्षानुवर्षं त्या संघाकडे नीट पाहून. लोकांना घरचा माणूस हवा असेलही, पण निव्वळ जन्माने कुणी घरचा होत नाही. घरातल्या पोरांची नावं आणि दुखणी ज्याला ठाऊक असतात, तो घरचा.

शंभर शनिवारांतला एक

आता मूळ प्रश्न. नाव चुकलं तर कुणाचं काय बिघडतं?

कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी फार थोडे पुढे व्यावसायिक खेळाडू होतात, शंभरात दोघंसुद्धा कठीण. बाकीच्यांसाठी हीच चार वर्षं. त्यातले कित्येक शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेले असतात. त्यांना 'वॉक-ऑन' म्हणतात. रोज पहाटे सराव करायचा, आठवडाभर मुख्य खेळाडूंच्या सरावासाठी प्रतिस्पर्धी बनून मार खायचा आणि शनिवारी बाकावर बसायचं. मग एखाद्या नोव्हेंबरच्या दुपारी कुणी जखमी होतं, याला आत पाठवतात आणि हा चेंडू अडवतो. राष्ट्रीय वाहिनीवर त्याचं नाव घेतलं जाण्याची आयुष्यातली कदाचित ती एकच वेळ असते. तो व्हिडिओ त्याची आई जपून ठेवणार, त्याची मुलं पुढे बघणार. आणि त्यात त्याचं नाव भलतंच आहे, किंवा नंबर सारखा म्हणून दुसऱ्याचंच आहे.

समालोचकासाठी तो त्याच्या कारकिर्दीतल्या शेकडो शनिवारांपैकी एक. त्या पोरासाठी एकुलता एक. नैतिक प्रश्न या विषमतेत आहे. एकाच्या रोजच्या कामात दुसऱ्याचा आयुष्यातला दिवस येतो, तेव्हा रोजचं काम करणाऱ्यावर जास्तीची जबाबदारी येते. डॉक्टरचं तसंच, शिक्षकाचं तसंच, लग्न लावणाऱ्या भटजींचंही तसंच. भटजी दिवसात तिसरं लग्न लावत असतील, पण वधूवरांची नावं त्यांनी विचारून घ्यायलाच हवीत.

हे दुखणं मराठी कानाला नवं नाही. 'काळे' आडनावाचा मुलगा पहिल्यांदा मोठ्या सामन्यात उतरतो आणि हिंदी-इंग्रजी कॉमेंट्रीत दिवसभर 'काले' होऊन राहतो, तेव्हा आपल्याला काहीतरी टोचतं. 'ळ' सगळ्यांना म्हणता येत नाही, हे आपण समजून घेतो. पण म्हणता न येणं वेगळं आणि विचारावंसंच न वाटणं वेगळं. अमेरिकेत हवाई, सामोआ, टोंगा इथून आलेल्या कुटुंबांतले, नायजेरियन घरांतले अनेक खेळाडू कॉलेज फुटबॉल खेळतात. लांबलचक आडनाव आलं की काही समालोचक हसून म्हणतात, मी प्रयत्नच करत नाही. घरच्यांना तो विनोद कसा ऐकू येत असेल, ते आपल्याला सांगायला नको.

शिवाय समालोचकाचे शब्द हवेत विरून जात नाहीत. मिशिगनच्या त्या स्टेडियमला लोक 'बिग हाउस' म्हणतात. ते नाव रूढ करण्याचं श्रेय कीथ जॅक्सन या समालोचकाला देतात. टीव्हीवर बोलता बोलता म्हटलेलं नाव एका लाख माणसांच्या जागेला कायमचं चिकटलं. तोंडातल्या शब्दात एवढी ताकद असेल, तर एका पोराचं नाव घेताना थोडी काळजी घ्या, ही मागणी फार मोठी नाही.

बोलणं भाग आहे म्हणून

इथे समालोचकाचा वकील एक भक्कम मुद्दा मांडेल. सामना साडेतीन तास चालतो. त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ फार थोडा. बाकी वेळ खेळाडू उभे राहतात, घोळका करतात, रेफरी चर्चा करतात. ही सगळी पोकळी बोलून भरायची. एवढा वेळ फक्त ठाऊक असलेलंच बोलणं कुणाला जमेल?

तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी याच अडचणीबद्दल लिहून ठेवलंय, अर्थात फुटबॉलच्या संदर्भात नाही. त्यांचा 'ऑन बुलशिट' हा निबंध २००५मध्ये छोट्या पुस्तकाच्या रूपाने आला आणि खूप गाजला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: खोटं बोलणाऱ्याला सत्य काय आहे याची पर्वा असते, कारण त्याला ते लपवायचं असतं. पुड्या सोडणाऱ्याला सत्याशी देणंघेणंच नसतं. आपलं म्हणणं खरं निघालं काय, खोटं निघालं काय, त्याला सारखंच. आणि ज्याला माहिती नसलेल्या गोष्टीवर बोलणं भाग पडतं, त्याच्या तोंडून पुड्या सुटणं अटळ असतं.

हे वाचताना मला तयारी न केलेला समालोचकच दिसतो. तो खोटारडा नाही. कुणाला फसवावं असा त्याचा हेतू नाही. तो फक्त पोकळी भरतोय. "या पोराच्या अंगात जिद्द आहे." "या संघाची संस्कृतीच वेगळी आहे." "मोठे खेळाडू मोठ्या क्षणी मोठा खेळ करतात." ही वाक्यं कुठल्याही शनिवारी, कुठल्याही संघाबद्दल, कुठल्याही खेळाडूबद्दल म्हणता येतात. त्यांत चूक सापडत नाही, कारण त्यांत काही सांगितलेलंच नसतं. मात्र ती ज्या आवाजात म्हटली जातात तो जाणकाराचा असतो. श्रोता त्या आवाजाला तारण समजतो. ज्याच्या पाठीशी अभ्यास नाही असा आत्मविश्वास आवाजात आणणं हा मला कच्च्या मालाला पक्क्या मालाचं लेबल लावण्याचा प्रकार वाटतो.

मग गप्पच का बसू नये? हेही करून झालंय, कॉलेजच्या नव्हे तर व्यावसायिक सामन्यात. २० डिसेंबर १९८० रोजी एनबीसी वाहिनीने मायामीतला जेट्स विरुद्ध डॉल्फिन्स हा सामना समालोचकाशिवाय दाखवला. हंगामावर फरक पडणार नाही असाच सामना निवडला होता. पडद्यावर नेहमीपेक्षा जास्त माहिती झळकत होती आणि मैदानावरचा आवाज मोठा केला होता. लोकांनी कुतूहलाने पाहिलं, पण तो प्रयोग रूढ झाला नाही. वैतागलेल्या चाहत्यालाही शांतता नको असते. आपल्याबरोबर आणखी कुणीतरी हे पाहतंय, असं वाटायला हवं असतं. म्हणूनच बोलणारा खरोखर पाहत नाहीये हे कळलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

'माहीत नाही' म्हणणारा माणूस

तयारी असणं म्हणजे सगळं माहीत असणं नव्हे. याचं सर्वांत सुंदर उदाहरण २० नोव्हेंबर १९८२चं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधल्या मैदानात स्टॅनफर्ड २०–१९ असं पुढे होतं, चार सेकंद उरली होती. कॅलिफोर्नियाच्या खेळाडूंनी चेंडू मिळवला आणि पाच वेळा एकमेकांकडे मागे फेकत पळत सुटले. सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड वाजवत मैदानात उतरलेला. केविन मोएन त्या बँडमधून वाट काढत शेवटच्या रेषेपार गेला आणि ट्रोम्बोन वाजवणाऱ्याला धडकला. जो स्टार्की रेडिओवर बोलत होते. जे दिसत होतं ते त्यांनी किंचाळत सांगितलं: चेंडू कुणाकडे, बँड कुठे, रेषा कुणी ओलांडली. आणि रेफरींची चर्चा सुरू झाल्यावर सरळ सांगितलं की कोण जिंकलं ते अजून आम्हाला माहीत नाही, थांबा. पुढे टचडाउन मान्य झाला, कॅलिफोर्निया २५–२० असं जिंकलं, आणि ते समालोचन आजही लोक पुन्हा पुन्हा ऐकतात.

त्या क्षणी कुणालाच काही माहीत नव्हतं. स्टार्कींनी न-माहीत असणं लपवलं नाही. ज्याने सगळी तयारी केलेली असते, त्याला 'माहीत नाही' म्हणायला लाज वाटत नाही, कारण ते अज्ञान त्या क्षणाचं असतं, त्याच्या आळसाचं नसतं. तयारी न केलेल्याला ते दोन शब्द परवडत नाहीत. एकदा म्हटले की संध्याकाळपर्यंत म्हणत बसावे लागतील.

याच्या उलट टोकाचं उदाहरण २०१२चं. नोत्र दाम विद्यापीठाचा मॅन्टाय टेओ हा त्या हंगामातला मोठा खेळाडू. सप्टेंबरमध्ये त्याची आजी आणि त्याची प्रेयसी जवळपास एकाच वेळी गेल्याची बातमी आली, आणि तरीही तो खेळला. ही कहाणी टीव्हीवर, वर्तमानपत्रांत, मासिकांत महिनोन्‌महिने फिरत राहिली. जानेवारी २०१३मध्ये 'डेडस्पिन' या वेबसाइटने दाखवून दिलं की आजी खरंच गेली होती, पण ती प्रेयसी कधी अस्तित्वातच नव्हती. कुणीतरी खोटी ओळख तयार करून टेओला फसवलं होतं. तो स्वतः बळी होता, आणि चेष्टाही त्याचीच झाली. देशातल्या नामांकित पत्रकारांनी आणि वाहिन्यांनी ती कहाणी सांगितली, पण मृत्यूची नोंद शोधण्याची तसदी फारशी कुणी घेतली नव्हती.

हे आठवलं की 'फक्त नाव चुकलं' या युक्तिवादाचा जोर कमी होतो. नावाची खात्री करून घेण्याची सवय आणि कहाणीची खात्री करून घेण्याची सवय एकच असते. छोट्या गोष्टीत ती नसेल, तर मोठ्या गोष्टीत अचानक कुठून येणार? पोकळी भरायला हृदयद्रावक कहाणी फार सोयीची असते. आणि कहाणी उलटते तेव्हा तिचा मार सांगणाऱ्याला बसत नाही, जिची कहाणी आहे त्या माणसाला बसतो.

फोन हातात असलेला श्रोता

रेडिओच्या काळात समालोचकाला सगळ्यांत जास्त माहीत असायचं. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेट सांगायचे, स्वतः रणजी सामने खेळलेले. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. ते म्हणतील तो चेंडू, ते म्हणतील तो फटका. चूक पकडायची तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरची वाट पाहायची.

आज उलटं आहे. कॉलेज फुटबॉलचा चाहता हातात फोन घेऊन सामना पाहतो. खेळाडूचं गाव, आधीचं कॉलेज, मागच्या सामन्यातले यार्ड, दुखापतीची बातमी, सगळं दहा सेकंदांत सापडतं. आपल्या संघाबद्दल तो खरोखरच टीव्हीवरच्या माणसापेक्षा जास्त जाणतो. मग समालोचकाने माहितीत त्याच्याशी स्पर्धा करायची का? ती तो हरणारच. आणि काही समालोचक इथेच चुकीचा निष्कर्ष काढतात: माहिती तर सगळ्यांकडेच आहे, मग आपण गप्पा मारू, मजा करू.

पण माहिती स्वस्त झाल्याने तयारी फालतू ठरत नाही. तयारी करणारा माणूस दोनशे नावं लिहून काढतो तेव्हा त्या दोनशे जणांकडे एकदा तरी पाहतो. चाहता आपल्या शंभरांना ओळखतो, समोरच्या शंभरांना नाही. दोन्ही बाजूंच्या सगळ्यांकडे सारख्या लक्षाने पाहणारा त्या दिवशी समालोचकच असू शकतो. हे काम फोन करून देत नाही. त्यामुळे चाहत्याच्या रागाचं खरं कारण 'तुला माझ्याइतकं माहीत नाही' हे नाही. 'तू बघितलंच नाहीस' हे आहे. आणि ही चूक श्रोत्याविरुद्ध थोडी आणि मैदानातल्या पोरांविरुद्ध जास्त आहे.

आता मघाचा राहिलेला प्रश्न. वाहिनीने वेळ दिला नाही, स्पॉटर दिला नाही, घरी बसून बोलायला लावलं, तर समालोचक सुटतो का? त्याची जबाबदारी कमी होते, संपत नाही. दोनशे नावं पाठ करायला वेळ मिळाला नसेल, तर न कळलेल्या क्षणी नंबर सांगून थांबता येतं. कहाणी तपासता आली नसेल, तर ती न सांगता राहता येतं. कमी बोलण्याची मुभा तर कुणीच काढून घेतलेली नाही. ऑस्ट्रेलियाचे रिची बेनॉ क्रिकेटच्या समालोचनात मोठे मानले गेले ते बरंचसं यासाठीच: चित्रात भर घालण्यासारखं काही असेल तरच ते बोलायचे.

हा हिशेब आता फक्त टीव्हीवरच्या मोजक्या माणसांपुरता राहिलेला नाही. माइक स्वस्त झालेत. कुणी रील करतं, कुणी पॉडकास्ट चालवतं, कुणी सोसायटीच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन करतं, कुणी टर्फवरच्या स्पर्धेचं यूट्यूबवर लाइव्ह समालोचन करतं. तिथेही पोकळी असते आणि ती भरायची घाई असते. समालोचकाला आपण जे विचारतो तेच तिथे स्वतःला विचारता येईल: ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांच्याकडे मी एकदा तरी नीट पाहिलंय का? सामना सुरू होण्याआधी खेळाडूंची यादी घेऊन त्यांच्या कोचकडे जायचं, अडलेल्या नावावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हे कसं म्हणायचं?" याला एक मिनिट लागतं. त्या मिनिटासाठी अब्जावधींचा करार लागत नाही.